बचावाच्या बाजूचं दार

९ फेब्रुवारी

समान संधी योजनेने यंदा वह्या वाटल्यात. जाड निळा पुठ्ठा, वर योजनेचा शिक्का आणि पहिल्या पानावर छापलेलं: 'प्रशिक्षकाने रोज मनातलं लिहावं.' कृष्णवर्णीय आणि मूलनिवासी प्रशिक्षकांच्या मनात काय चाललंय ते कुणाला तरी जाणून घ्यायचंय म्हणे. वही परत मागणार नाही असं सांगितलंय, म्हणून लिहितेय. मागितलीच तर हरवली म्हणेन.

तर मनातलं. सकाळचे साडेपाच, बाहेर उणे एकतीस. बर्फावरच्या हॉकीच्या रिंकच्या आवारात ट्रकमध्ये हीटर लावून बसलेय. पाव तासात सतरा पोरी येतील आणि कुणाची तरी स्टिक, कुणाचा तरी हातमोजा घरी राहिलेला असेल. मी रोझॅन कीशिग, वय चव्वेचाळीस, रेड पाइन ऑटर्स या मुलींच्या संघाची सहायक प्रशिक्षक. आठ वर्षं झाली. त्यातली तीन वर्षं योजनेच्या कागदावर माझ्या नावापुढे 'शिकाऊ' लिहितात. एवढ्या वर्षांत लोक डॉक्टर होऊन दवाखाना टाकतात, असं घरी माझी इर्मामावशी म्हणते.

मुख्य प्रशिक्षक वॉल्ट. त्याचे गुडघे गेलेत, हा त्याचा शेवटचा मोसम. समोरची एक शिक्षा होऊन बाहेर बसली की पाच जणींनी चौघींवर चढाई कशी करायची त्याचा आराखडा मी काढते आणि वॉल्ट पोरींना वाचून दाखवतो. त्याचा आवाज चांगला आहे. सामन्यात बचावाच्या मुली माझ्याकडे. बाक आणि बर्फ यांच्यामधल्या फळीतलं बचावाच्या बाजूचं दारही माझ्याकडे. खेळ चालू असतानाच एक दमून आत येते, दुसरी बाहेर जाते, मधे जेमतेम एक श्वास. दार उशिरा उघडलं तर गोल बसलाच म्हणून समजा. चढाईच्या मुलींचं दार कोल्टनकडे आहे. तो सव्वीस वर्षांचा, पॉलच्या मुलाबरोबर खेळायचा. पॉल लेहटिनेन म्हणजे क्लबचे अध्यक्ष. कोल्टनला दार कधी उघडायचं ते मीच शिकवलं. मला 'कोच' म्हणतो, अहो-जाहो करतो. गुणी पोरगा आहे.

१ मार्च

जिंकलो. फायनल, ३-२. शेवटचे चाळीस सेकंद तानिस बर्फावर होती. पाय लटपटत होते तिचे. वॉल्ट ओरडत होता, घे आत, घे आत. मी दार उघडलंच नाही. तिची नजर माझ्याकडे गेली आणि तिला कळलं, की तिनेच बर्फावर थांबायचंय. पक, ती टणक रबरी चकती, तिच्या पोटावर आदळला आणि भोंगा वाजला.

तानिस फिडलर ओगा बेची, आमच्या मूलनिवासी गावची. तिथे रस्ता जात नाही. हिवाळ्यात बर्फावरून, एरवी विमानाने. शाळेसाठी सोळाव्या वर्षी इथे परक्या घरात राहते. रिंकवर मला कोच म्हण असं बजावलंय, तरी आज सगळ्यांदेखत 'रोझमावशी, पोट दुखतंय गं' म्हणत गळ्यात पडली.

फोटोच्या वेळी पॉलनी मला ओढून पुढे उभं केलं. योजनेकडून संघाला मिळालेल्या गाडीवर माझा एक फोटो आहेच, आता हा दुसरा. मावशी म्हणते, गाडी तुझ्यापेक्षा जास्त हिंडते, तिलाच कर कोच.

१४ मार्च

पॉल म्हणाले, "रोझ, वॉल्टच्या जागेसाठी अर्ज कर. आम्हाला तुझा अर्ज हवाच आहे." हवाच आहे, असं म्हणाले. दिवसभर तेच डोक्यात.

संध्याकाळी ऑर्विलला फोन केला. ऑर्विल बेकफर्ड टोरांटोत बास्केटबॉल शिकवतो, योजनेत माझ्याच तुकडीतला. त्याचे आईबाप जमैकाहून आले. आम्हाला महिन्यातून एकदा एकमेकांशी बोलायला सांगितलंय. बोलायचं असतं प्रगतीबद्दल, आम्ही बोलतो जेवणाबद्दल.

"हे बघ बाई," तो म्हणाला, "तिथे गेल्यावर बढाई मारायची. मी केलं, मी जिंकवलं, मी आणलं. मी मी मी. बकरीसारखी ओरड."

"आमच्याकडे असं बोललं तर लोक उठून जातात."

"ते लोक बसून राहतील. त्यांना तेच ऐकायचंय."

मी हसले. त्याचीही पुढच्या महिन्यात मुलाखत आहे. तो बोलेल, त्याला जमतं. मला जमणार नाही हे मला माहीत आहे आणि ते जमायची गरजही नसावी. आठ वर्षं काम बघितलंय त्यांनी. डोळे आहेत की त्यांना.

पण ही जागा मला हवी आहे. कुणाला सांगितलं नाही, वहीला सांगते. फार हवी आहे. ओगा बेहून आत्तापर्यंत पाच पोरी आल्या आणि चार परत गेल्या. नियम करणारा दुसरा कुणी होता म्हणून. पाचवी तानिस.

२७ मार्च

मुलाखत झाली. पॉल आणि समितीचे आणखी दोघं. कॉफी होती, डोनट होते. सगळे गोड बोलले.

पहिला प्रश्न: फायनल कशामुळे जिंकलो? प्रश्न विचारल्याबरोबर तोंड उघडणं आमच्यात उद्धटपणा समजतात. विचारणाऱ्याच्या शब्दाला मान म्हणून जरा थांबायचं, प्रश्न आत जाऊ द्यायचा. तशी थांबले. मग म्हणाले, पोरींनी जिवापाड मेहनत केली, वॉल्टने त्यांना धीर दिला. मान डोलावून त्यांनी लिहून घेतलं.

दुसरा: फक्त तुमचा असा एक निर्णय सांगा. पुन्हा थांबले. शेवटचे चाळीस सेकंद आठवले. पण पक पोटावर घेतला तानिसने, काळंनिळं तिचं झालं, आणि मी 'माझा निर्णय' म्हणू? शब्द जुळवत होते, तेवढ्यात पॉल म्हणाले, असू दे, असू दे, पुढे जाऊ. बाहेर बर्फ वाढत होता, त्यांना घरी जायची घाई असणार. मला बरंच वाटलं.

शेवटी विचारलं, कोल्टनबद्दल काय मत आहे. त्यानेही अर्ज केलाय हे मला तिथेच कळलं. गैरहजर माणसाबद्दल विचारलं तर चांगलं आहे तेवढं सांगायचं, ही आजीची शिकवण. म्हटलं, चटकन शिकतो, पोरींना आवडतो, मनाने साफ आहे. खोटं काहीच नव्हतं. तिघंही माझ्याकडे बघून हसले. त्या क्षणी वाटलं, झालं काम.

मावशीने मूस हरणाच्या मांसाचा रस्सा केला होता. दोन वेळा वाढून घेतला.

३ एप्रिल

काही कळलं नाही.

११ एप्रिल

कोल्टन.

पॉलनी ऑफिसात बोलावून सांगितलं. नेमणुकीचं पत्र वाचून दाखवलं, मग माझ्या हातात दिलं. त्यात माझं नाव आहे. 'आमच्या अनुभवी रोझॅन कीशिग यांनीदेखील कोल्टन यांच्या गुणांची मनापासून ग्वाही दिली.' माझंच वाक्य, माझ्याच हातात.

"तू फार मोठ्या मनाची आहेस," पॉल म्हणाले. "समितीला फक्त एवढंच वाटलं, की अजून आत्मविश्वास कमी पडतो. प्रश्नाला उत्तर यायला वेळ लागतो. सामन्यात असं कसं चालेल? पण तू जाऊ नकोस हं. तू शिकाऊ म्हणून राहिलीस तर योजना चालू राहते, गाडी राहते. शिवाय आम्ही तुला सांस्कृतिक सल्लागार करतोय."

मी विचारलं, "म्हणजे काय करायचं?"

"तेच. जे तू करतेस तेच."

त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर काळजी होती. वाईट माणूस नाही तो. आणि गाडी पोरींना हवीच.

ट्रकमध्ये येऊन बसले. राग आला होता, इतका की किल्ली लागेना. कुणाचा राग, ते मात्र समजत नव्हतं. सगळं तर मीच सांगितलं होतं.

१२ एप्रिल

मावशीला सांगितलं. ती शिवत होती, सुई थांबली नाही.

"तू कोल्टनला चांगलं म्हणालीस?"

"हो."

"आणि स्वतःला?"

मी रीळ उचलून तिच्या हाताशी ठेवलं.

"बरोबर केलंस," ती म्हणाली. मग दोरा तोडत, "पण आजी कधी मुलाखतीला गेली नव्हती गं."

२ मे

ऑर्विललाही जागा नाही मिळाली. तो भरपूर बोलला म्हणे. सगळं सांगितलं, आकडे दिले, टेबलावर बोट आपटलं. त्यांनी कळवलंय: स्वर आक्रमक वाटतो, पालकांना दडपण येईल.

"म्हणजे मी जरा कमी बोलायला हवं होतं," तो म्हणाला.

"आणि मी जरा जास्त."

"आपल्या दोघांचा मिळून एक कोच झाला असता बघ."

खूप हसलो. फोन ठेवल्यावर मात्र जेवण गेलं नाही.

२४ ऑगस्ट

सराव सुरू. कोल्टनने फळ्यावर चढाईचा आराखडा काढला. माझाच, बाण तेवढे लाल केलेत. आता मला 'रोझ' म्हणतो, 'रोझ, तू जरा पाण्याच्या बाटल्या बघ.' मुख्य प्रशिक्षकाने सहायकाला असंच म्हणायचं असतं. मी बाटल्या बघितल्या.

त्याने नियमांचा कागद लावलाय. तीन सराव चुकले तर तीन सामने बाकावर. कारण कुठलंही असो, सगळ्यांना सारखा न्याय. पॉलनी त्याची पाठ थोपटली.

६ ऑक्टोबर

तानिसचे आजोबा गेले. एझ्रा फिडलर. मला जाळं विणायला त्यांनीच शिकवलं होतं. बातमी आली तेव्हा ती शाळेत होती. मी न्यायला गेले तर फाटकाशी उभी, पाठीवर दप्तर, डोळे कोरडे.

ओगा बेत माणूस गेला की चार दिवस विस्तव विझू द्यायचा नाही. घरातल्यांनी तिथेच राहायचं, आल्यागेल्याला खाऊ घालायचं. आजोबांना ही सगळ्यात लाडकी. उद्याच्या विमानाने जाते म्हणाली. मग म्हणाली, "रोझमावशी, कोल्टनला तू सांगशील ना? तू सांगितलंस तर ऐकेल."

सांगते म्हटलं.

७ ऑक्टोबर

कोल्टनला गाठलं. माणसाला तोंडावर 'तुझं चुकतंय' म्हणणं म्हणजे त्याला सगळ्यांसमोर उघडं करणं. आमच्यात गोष्ट सांगतात, ज्याचं त्याने समजून घ्यायचं. म्हणून त्याला एलायस मामाची गोष्ट सांगितली. मामाची बर्फावरची घसरगाडी ओढणाऱ्या पुढच्या कुत्र्याची आई मेली. कुत्रा जागचा हलेना. मामा चार दिवस तंबूत थांबला. शिकार गेली, लोक हसले. पाचव्या दिवशी कुत्रा आपणहून उठला आणि पातळ झालेल्या बर्फावरून मामाला नीट पलीकडे नेलं. घाई करणारे दोघं त्याच तळ्यात बुडाले.

कोल्टन मन लावून ऐकत होता. मग म्हणाला, "भारी गोष्ट आहे, रोझ. कुठल्या जातीचा कुत्रा होता?"

मी सांगितलं, मिश्र होता.

तो विचारात पडल्यासारखा वाटला. बहुतेक पोचलं असावं.

१५ ऑक्टोबर

तानिस आली. धुक्याने विमान दोन दिवस अडकलं होतं. एकूण चार सराव चुकले. कोल्टनने तिला बाजूला घेऊन हळू आवाजात, नीट, प्रेमाने सांगितलं: तीन सामने. "तुझ्याबद्दल वाईट वाटतंय, पण एकीला सूट दिली तर बाकीच्यांवर अन्याय."

तानिसने माझ्याकडे बघितलं. मी कोल्टनकडे बघितलं. आता बोलायचं तर मुलींसमोर त्याचा अपमान करायचा. नंतर एकट्याला गाठून बोलेन असं ठरवलं.

नंतर त्याला गाठलं. म्हणाला, "तू आधी सांगितलं असतंस तर काहीतरी बघता आलं असतं. कागद पॉलकडे गेला आता."

आधी सांगितलं असतंस तर! चार भिंतींना ऐकू जाईल एवढं ओरडावंसं वाटलं. म्हटलं, "बरं."

१८ ऑक्टोबर

पहिला सामना. बाकावरून बर्फावर गेलेलीने परत येऊन टोकाला बसायचं, मग सरकत सरकत दाराशी, अशी रीत असते. तानिसला कुठे जायचंच नव्हतं. ती दाराशीच बसली, पूर्ण पोशाखात, हेल्मेट घालून. दर मिनिटाला मी तिच्या गुडघ्यांवरून वाकून दार उघडायचे. बाकीच्या मुली पाय आक्रसून तिच्यासमोरून जायच्या. साठ वेळा तरी उघडलं असेल. तिने एकदाही वर बघितलं नाही.

२५ ऑक्टोबर

दुसरा सामना. तसंच. मध्यंतरात तिला बॅनक, आमच्याकडचा जाड पाव, दिला, मावशीने भाजलेला. तिने घेतला आणि न खाता हातमोज्यात ठेवला.

१ नोव्हेंबर

तिसरा. शेवटच्या पाच मिनिटांत आमच्या बचावाच्या दोघी दुखापतीने आत. कोल्टनने बाकाकडे बघितलं, तानिसवरून नजर फिरवली आणि चढाईची मुलगी बचावाला पाठवली. हरलो.

आता संपलं, पुढच्या रविवारी तू खेळशील, असं मी तानिसला म्हटलं. ती बुटांचे बंद सोडत होती.

"कोच," ती म्हणाली. आजूबाजूला कुणी नव्हतं, तरी कोच म्हणाली. "तुम्ही त्याला काय सांगितलं होतं?"

"गोष्ट सांगितली, एलायस मामाच्या कुत्र्याची."

ती ओगा बेची आहे. तिला लगेच समजलं मी काय केलं ते. तिने मान हलवली, रागावली नाही. रागावली असती तर फार बरं झालं असतं.

५ नोव्हेंबर

तानिस गेली. शाळा, हॉकी, सगळं सोडून. सकाळच्या विमानाने. मला तिच्या घरमालकिणीकडून कळलं. खोलीत स्टिक ठेवून गेली, एवढी मोठी वस्तू विमानात कोण नेणार असं म्हणाली म्हणे. ती स्टिक मी आणून ट्रकमध्ये टाकलीय. वळणावर खडखडते.

चार गेल्या होत्या, आता पाच. आणि नियम करणारा मीच शिकवलेला, मीच वाखाणलेला.

ऑर्विलला फोन केला. तो योजनेतून बाहेर पडलाय. शाळेतल्या लहान मुलांना शिकवतो संध्याकाळी. त्याला सगळं सांगितलं. तो जन्मात गप्प बसत नाही, आज बसला.

"काहीतरी बोल," मी म्हटलं.

"तुझ्या प्रश्नाला मान देतोय, बाई," तो म्हणाला.

९ नोव्हेंबर

पॉलनी एक कागद पाठवला. खेळाडू मधेच गेली की हॉकी संघटनेला तो द्यावा लागतो. मूलनिवासी खेळाडू असेल तर सांस्कृतिक सल्लागाराने भरायचा. म्हणजे मी. या पदाचं पहिलं काम हे.

नाव, वय, गाव भरलं. पुढे: जाण्याचं कारण. पॉलनी पेन्सिलीने बाजूला लिहून ठेवलंय, 'वैयक्तिक'. मला सोपं जावं म्हणून.

ट्रकमध्ये बसून त्या रिकाम्या चौकोनाकडे बघत राहिले. मार्चमधला त्यांचा दुसरा प्रश्न आठवला. फक्त तुमचा असा एक निर्णय सांगा. तेव्हा शब्द सापडले नव्हते. आज लिहायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

'आजोबांच्या अंत्यविधीला गेली म्हणून तिला तीन सामने बाकावर बसवलं. ते चूक आहे हे मला माहीत होतं. मी कुणालाही तसं सांगितलं नाही. तिन्ही सामने मी तिच्या शेजारी उभी राहून दुसऱ्यांसाठी दार उघडत राहिले. हा निर्णय माझा एकटीचा होता. — रोझॅन कीशिग, मुख्य प्रशिक्षकपदाची उमेदवार.'

ऑफिसात जाऊन पॉलच्या हातात दिला. त्यांनी वाचला, चष्मा काढला, परत वाचला.

"रोझ, हे असं नाही पाठवता येणार. कोल्टनचं काय होईल? क्लबचं काय होईल?"

मी उभी.

"तू अशी स्वतःला दोष का देतेस? तुझी यात काय चूक?"

मी उभीच.

"आणि कोल्टनबद्दल तर तूच चांगलं बोलली होतीस."

या वेळी त्यांना पुढच्या प्रश्नाकडे जाता येईना, कारण पुढचा प्रश्नच नव्हता. त्यांनी कागदाची एकदा घडी घातली, उलगडली, परत घातली.

"काहीतरी बोल ना," ते म्हणाले.

"आठ वर्षं बोलतेय, पॉल," मी म्हटलं. "आत्ता ऐकलात तो माझा नेहमीचा आवाज होता."

सराव संध्याकाळी साडेपाचला होता. बाहेर आले तेव्हा पोरी गाडीतून उतरत होत्या, गाडीवरचा माझा फोटो हसत होता. मी रिंकवर गेले नाही. ट्रक काढला. उत्तरेकडे रस्ता आहे तिथपर्यंत जाऊन विमानतळावर स्टिक ठेवून आले. वर पत्ता लिहिला, ओगा बे. चिठ्ठी लिहायला वहीचं पान फाडलं आणि बराच वेळ बसले. शेवटी कोरंच पान बांधलं तिच्या स्टिकला. तिला काय सांगायचं ते मला अजून कळत नाही.